परदेशात राहायला एरिया कसा निवडायचा? कुहीत बसून स्टुटगार्टमध्ये घर शोधताना

जर्मनीतली नोकरी पक्की झाली की पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि दुसरा व्हिसाचा. या दोन्हींची उत्तरं कंपनी किंवा एजन्सीकडून मिळतात. तिसरा प्रश्न मात्र आपल्यालाच सोडवावा लागतो: राहायचं कुठे?

या प्रश्नावर व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "स्वस्त एरिया बघ." दोन, "आपले लोक जिथे आहेत तिथे बघ." दोन्ही सल्ले चांगल्या मनाने दिलेले असतात, पण अर्धेच असतात. उरलेलं अर्धं काम तुमच्या मोबाईलवर होऊ शकतं, आणि त्याचा शेवटचा तुकडा तिथे पाय ठेवल्याशिवाय होत नाही. कोणतं काम इथून करायचं आणि कोणतं तिथे गेल्यावर, हे या लेखात बघूया.

उदाहरणासाठी मी स्टुटगार्ट घेतलंय. हे शहर जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याची राजधानी आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग यांची भागीदारी २०१५ पासूनची. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही राज्यांनी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी कामं आहेत. म्हणजे आता जर्मनीला जाणारा फक्त पुण्यातला आयटीवाला नसेल. कुही, मांढळ, उमरेडकडचा आयटीआय झालेला मुलगा किंवा नर्सिंग केलेली मुलगीही असेल. तुम्ही दुसऱ्या देशात जाणार असाल तर कायदे बदलतील, पण पद्धत हीच राहील.

आधी एक गोष्ट ठरवा: घर दोनदा निवडायचं आहे

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इथूनच, मोबाईलवर फोटो बघून, दोन वर्षांसाठी घर पक्कं करणं. तसं करू नका. निर्णयाचे दोन भाग करा.

पहिलं घर फक्त पत्त्यासाठी असतं. दोन-तीन महिने, फर्निचरसकट मिळणारी खोली, शेअरिंगमधली जागा किंवा कंपनीने दिलेलं निवासस्थान. त्यात एकच अट सोडायची नाही: त्या पत्त्यावर सरकारी नोंदणी करता आली पाहिजे. जर्मनीत घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला एक कागद लागतो. ही नोंदणी झाली की टॅक्स नंबर त्याच पत्त्यावर पोस्टाने येतो. बँक खातं, पगार, व्हिसाचं पुढचं काम, सगळ्यात हा पत्ता विचारला जातो. काही लोक खोली स्वस्तात देतात आणि वर सांगतात, "नोंदणी मात्र करता येणार नाही." अशी खोली पहिल्यांदाच जाणाऱ्याच्या कामाची नाही, भाडं कितीही कमी असो.

दुसरं घर राहण्यासाठी. ते तिथे गेल्यावर, चालून-फिरून घ्यायचं. पुढे जी मोजमापं सांगतोय ती पहिल्या घरासाठीही उपयोगी आहेत, पण त्यांचा खरा उपयोग दुसऱ्या घरासाठी आहे. इथून तुम्ही घर निवडत नाही. तुम्ही शहराचा नव्वद टक्के भाग यादीतून काढून टाकता आणि तीन-चार एरिया शिल्लक ठेवता. एवढं झालं की मोबाईलचं काम झालं.

"नोकरी स्टुटगार्टला" म्हणजे नेमकी कुठे?

कुणी म्हणालं, "नागपुरात नोकरी लागली," तर आपण लगेच विचारतो, मिहानला, हिंगण्याला की बुटीबोरीला? कारण तिन्ही दिशा वेगळ्या. परदेशाच्या बाबतीत मात्र हा साधा प्रश्न आपण विसरतो.

स्टुटगार्टचंही तसंच आहे. नाशिकच्या बॉशमुळे आणि चाकणच्या मर्सिडीजमुळे ही नावं आपल्याला ओळखीची आहेत. तिकडे बॉशचा जुना कारखाना शहराच्या उत्तरेला फॉयरबाखमध्ये आहे. पोर्शे त्याच्याही पुढे त्सुफनहाउसनला. मर्सिडीजचं मुख्यालय पूर्वेला उंटरटर्कहाइममध्ये, पण गाड्या जोडण्याचा मोठा कारखाना नैऋत्येला ज़िंडेलफिंगनमध्ये, आणि ते तर स्टुटगार्टच्या हद्दीबाहेरचं वेगळं शहर आहे. विद्यापीठाचा मोठा कॅम्पस फायहिंगनला. ज़िंडेलफिंगनला कामाला असलेल्याने पूर्वेच्या एस्लिंगनमध्ये खोली घेतली, तर रोज सगळं शहर ओलांडून जावं लागेल.

म्हणून ऑफर लेटरवर वर छापलेला कंपनीचा पत्ता बघून भागत नाही. एचआरला एका ओळीचा मेल टाका: "मी रोज कोणत्या गेटवर, किती वाजता हजर राहायचं?" नर्स असाल तर सगळ्या शिफ्टच्या वेळा मागा. या दोन माहितींशिवाय पुढचं काहीच करता येत नाही.

किलोमीटर नको, मिनिटं मोजा

कुहीचं पोरगं नागपूरला शिकायला गेलं की खोली साधारण दिघोरी, नंदनवनकडे बघतं. उमरेड रोडची गाडी तिकडून सुटते ना! कॉलेज किती किलोमीटरवर आहे यापेक्षा शनिवारी गावाला जाणारी शेवटची गाडी पकडता येते का, हे महत्त्वाचं. म्हणजे हे गणित आपल्याला न शिकवता येतं. त्याला शास्त्रात नाव आहे: आयसोक्रोन.

आयसोक्रोन म्हणजे समान वेळेची रेघ. एका ठिकाणापासून ४० मिनिटांत जिथे जिथे पोहोचता येतं ते सगळे बिंदू जोडले की तो आकार तयार होतो. ही कल्पना नवी नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८१ मध्ये लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोहोचता येतं याचा असा रंगीत नकाशा काढला होता.

आज तुमचं ॲप हे कसं करतं? धरणाचं पाणी चढताना आठवा. गोसीखुर्दचं बॅकवॉटर जसं आधी नाल्या-ओढ्यांतून आत शिरलं आणि मग शेतात पसरलं, तसंच. समजा तुम्ही ऑफिसच्या गेटवर पाणी सोडलं. रेल्वेच्या रुळावरून ते सुसाट पळतं, बसच्या रस्त्यावरून जरा हळू, आणि फुटपाथवर अगदी सावकाश. ४० मिनिटांनी पाणी थांबवा. जेवढा भाग भिजला तेवढा तुमच्या कामाचा. इंजिनिअरिंगला डायक्स्ट्राचा अल्गोरिदम शिकवतात, १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला, तो हेच करतो: जवळचा बिंदू आधी, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. रस्ता शोधताना तो मुक्कामाला पोहोचला की थांबतो. आयसोक्रोन काढताना मुक्काम नसतोच, वेळ संपली की थांबायचं.

या नकाशाचा आकार कधीच गोल येत नाही. रेल्वे लाइनच्या बाजूने लांब बोटं निघतात आणि प्रत्येक स्टेशनभोवती एक-एक बेट तयार होतं. त्यामुळे ऑफिसपासून ६ किलोमीटरवरची खोली तासभर लांब असू शकते आणि १६ किलोमीटरवरची अर्ध्या तासात येऊ शकते.

इथे एक सावधगिरी. नकाशावर रूळ दिसला म्हणजे गाडी आहे असं नाही. हे कुहीकरांना वेगळं सांगायला नको. नागपूर-नागभीड नॅरोगेज ब्रॉडगेजच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. कुही स्टेशन नकाशावर होतं, रेघही होती, पण छोटी गाडी यायची थांबली. म्हणून नकाशासोबत टाइमटेबल लागतं. बस-रेल्वे कंपन्या आपलं टाइमटेबल जीटीएफएस नावाच्या एका ठरावीक फॉरमॅटमध्ये देतात. त्याची सुरुवात २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची बससेवा आणि गुगल यांनी मिळून केली. तुमच्या मॅपवर "गाडी ८.१२ ला" असं जे दिसतं ते बहुतेक अशाच फाइलमधून येतं.

मोबाईलवर तासाभरात करायचं काम

आता प्रत्यक्ष पद्धत. एक वही घ्या किंवा मोबाईलमध्ये शीट उघडा.

१. मॅपवर कामाचं गेट पिन करा. कंपनीचं नाव टाकून नाही, एचआरने दिलेल्या पत्त्यावर.

२. त्या गेटच्या जवळून जाणाऱ्या रेल्वे लाइन शोधा. स्टुटगार्टमध्ये एस-बान म्हणजे आपल्या लोकलसारखी उपनगरी गाडी आणि श्टाटबान म्हणजे शहरातली ट्राम-मेट्रोच्या मधली गाडी. स्थानिक ॲपचं नाव फाउ-फाउ-एस, आणि सगळ्या देशासाठी डॉइचे बानचं डीबी नॅव्हिगेटर. दोन्ही आत्ताच टाकून ठेवा.

३. त्या लाइनवरची आठ-दहा स्टेशनं लिहून काढा. गाडी न बदलता पोहोचता येईल अशी आधी.

४. प्रत्येक स्टेशनपासून गेटपर्यंतचा मार्ग शोधा. इथे एक गोष्ट नक्की करा: "आत्ता निघा" हा पर्याय बदलून "इतक्या वाजता पोहोचा" निवडा आणि पुढच्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार घ्या. कारण जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. कुहीत सकाळी ८ वाजता तुम्ही शोधाल तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून पहाट व्हायची असते. ॲप तुम्हाला रात्रीच्या गाड्या दाखवेल आणि तुम्ही चांगला एरिया यादीतून काढून टाकाल.

५. तोच मार्ग उलटा बघा, तुमची सर्वांत उशिराची शिफ्ट संपते त्या वेळेला. पहाटेची शिफ्ट असेल तर पहिली गाडी कधी आहे ते बघा. रविवारचंही एकदा तपासा. हॉस्पिटलला रविवार नसतो, पण गाड्यांना असतो.

६. गाडी किती वेळाने येते तेही लिहा. दर १५ मिनिटांनी येणारी गाडी चुकली तर फार नुकसान नाही. तासाला एक असेल तर एक चप्पल तुटल्याने अख्खी हजेरी जाते.

७. शेवटी स्टेशनपासून घरापर्यंत चालायची १० मिनिटं. यासाठी ओपनरूटसर्व्हिस नावाची मोफत वेबसाइट आहे. ती याच राज्यातल्या हायडेलबर्ग शहरातली संस्था चालवते. तिचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे. स्टेशनवर पिन टाका, चालणं निवडा, १० मिनिटं द्या. जो आकार येईल तोच तुमचा एरिया. घराच्या साइटवर फिल्टर लावताना सगळं शहर न घेता एवढाच भाग घ्या.

८. पर्यायी रस्ता आहे का ते बघा. स्टुटगार्टमध्ये मुख्य स्टेशनपासून श्वाबश्ट्रासेपर्यंतच्या बोगद्यातून एस१ ते एस६ या सगळ्या लाइन जातात. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्याच्या सुट्टीत हा बोगदा कामासाठी काही आठवडे बंद राहिला आहे. ज्याच्या घराजवळ श्टाटबान किंवा बसही आहे त्याचं अडत नाही.

कमी भाडं नेहमी स्वस्त पडत नाही

जाहिरातीत दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे खर्च धरून. तुलना करताना नेहमी वार्ममीटे धरा. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर असतात. शिवाय रेडिओ-टीव्हीची फी महिन्याला १८.३६ युरो. ती माणशी नाही, घरामागे आहे. चौघांच्या शेअरिंगमध्ये ती चौघांत वाटली जाते.

आणखी एक धक्का: अनेक रिकाम्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर म्हणजे फक्त चार भिंती आणि नळाची जोडणी. ओटा, सिंक, शेगडी काहीच नाही. फोटोत किचन दिसलं तरी ते घरासोबत मिळणार की आधीचा भाडेकरू घेऊन जाणार, हे लेखी विचारा.

आता मुख्य हिशेब. समजा शहराजवळची खोली ७५० युरो आणि दूरची ६५०. महिन्याला १०० युरो वाचतात. दोन्हीकडून प्रवासाचा पास एकच, कारण डॉइचलंड-तिकीट देशभरातल्या लोकल, ट्राम, बसला चालतं आणि जानेवारी २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरो आहे. म्हणजे पैशांत फरक नाही, फरक वेळेत आहे. दूरच्या खोलीवरून प्रत्येक फेरीला २५ मिनिटं जास्त लागत असतील तर रोजची ५० मिनिटं. महिन्याचे २० दिवस धरले तर १००० मिनिटं, म्हणजे साधारण साडेसोळा तास. १०० भागिले साडेसोळा: तुम्ही तुमचा एक तास ६ युरोला विकला. जर्मनीत २०२६ चं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे.

याचा अर्थ दूरचं घर घेऊच नये असा नाही. घरी कर्जाचा हप्ता जात असेल तर महिन्याला १०० युरो ही मोठी रक्कम आहे आणि ती वाचवणं हा शहाणपणाच आहे. पण हिशेब करून वाचवा. ते साडेसोळा तास जर्मन भाषेच्या क्लासचे असू शकतात. भाषा आली नाही तर नर्स असो की इलेक्ट्रिशियन, पुढची पायरी मिळत नाही.

भाडं वाजवी आहे का हे तपासायला मीटश्पीगल असतो, म्हणजे शहराने काढलेला भाड्याचा तक्ता. ५०,००० पेक्षा जास्त लोकवस्तीच्या शहरांना तो काढणं कायद्याने बंधनकारक आहे. जागेचा आकार, इमारतीचं वय, एरिया यावरून साधारण दर कळतो.

नकाशा सपाट असतो, शहर नसतं

कुहीच्या मोकळ्या, सपाट रानात वाढलेल्याला "८०० मीटर चालणं" म्हणजे काहीच वाटत नाही. स्टुटगार्टचं मधलं शहर मात्र वाटीसारख्या खोलगट भागात आहे आणि वस्त्या चहूबाजूंच्या टेकड्यांवर चढलेल्या आहेत. शहराचा सर्वांत खालचा भाग समुद्रसपाटीपासून २०७ मीटरवर आणि सर्वांत उंच ५४९ मीटरवर. मारिएनप्लात्सहून वर डेगरलोखला जायला १८८४ पासून दातेरी रुळांची गाडी आहे, यावरून चढाची कल्पना करा. शहरात शेकडो जिने आहेत, तेही रस्ते म्हणूनच वापरले जातात. मॅपवर चालायचा किंवा सायकलचा मार्ग काढला की खाली चढ-उताराची रेघ दिसते. ती न बघता घर ठरवू नका. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तोच चढ बर्फात, अंधारात, किराण्याची पिशवी घेऊन चढायचा आहे.

वाटीत हवाही अडकते. स्टुटगार्टच्या नेकारटोर चौकाचं प्रदूषण जर्मनीभर गाजलं होतं. १९३८ पासून या शहराच्या नोकरीत हवामानतज्ज्ञ आहे. वारा कुठून येतो आणि इमारती त्याला कुठे अडवतात याचे नकाशे शहर काढतं. दमा असलेल्याने ते नक्की बघावेत.

आवाजाचाही नकाशा असतो. २००२ च्या युरोपीय नियमानुसार मोठ्या शहरांना दर पाच वर्षांनी रस्ते, रेल्वे, विमानतळ यांच्या आवाजाचा नकाशा काढावा लागतो, आणि तो सगळ्यांना खुला असतो. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला हा नकाशा भाड्याच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा.

स्ट्रीट व्ह्यू उघडाल तेव्हा कोपऱ्यातली तारीख आधी वाचा. जर्मनीत २०१० मध्ये २० शहरांत तो सुरू झाला, लोकांनी खासगीपणावरून विरोध केला, कितीतरी घरं धूसर करावी लागली, आणि मग नवे फोटो थेट २०२३ मध्ये आले. अजूनही एखादं घर धूसर दिसलं तर ते फसवं आहे असं समजू नका. तिथल्या कुणीतरी तशी मागणी केली असेल.

"आपले लोक" आणि "सेफ एरिया"

अनोळखी देशात आपली भाषा कानावर पडावी असं वाटणं स्वाभाविक आहे. गोसीखुर्दमुळे आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं उठली. नव्या जागी गेलेल्या लोकांना विचारा, घर मिळालं तरी शेजार जुळायला किती वर्षं गेली. त्यामुळे "आपले लोक" ही मागणी हलक्यात घेऊ नका. पण तिचं उत्तर पत्ता बदलून मिळेलच असं नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. त्याची वास्तू डॉलिस हिल भागात. गणपतीला तिथे जायचं तर ट्यूबने जाता येतं, त्यासाठी शेजारीच राहावं लागत नाही. मंडळ महिन्यातून एकदा लागतं, ऑफिस आठवड्यातून पाचदा.

खाण्याचंही तसंच. भारतीय किराणा दुकानाजवळ राहायचा मोह होतो. पण मिरची पावडर महिन्यातून एकदा आणली तरी पुरते, आणि घरून भिवापुरी नेली असेल तर तेवढीही धावपळ नाही. दूध, भाजी, ब्रेड मात्र दर दोन दिवसांनी लागतं. साधं सुपरमार्केट १० मिनिटांत आहे का ते बघा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी शिफ्ट असेल तर दुकान घराच्या वाटेवर असणं किती महत्त्वाचं, ते पहिल्याच महिन्यात कळतं.

"सेफ एरिया" या शब्दाची छाननी करा. इंटरनेटवरचे बरेच रेटिंग लोकांच्या मतावर असतात, घटनांवर नाही. पोलिसांच्या आकड्यांतही स्टेशन आणि बाजाराचा भाग वाईट दिसतो, कारण तिथे रोज लाखो लोक येतात आणि चोरी तिथेच नोंदली जाते. म्हणून एरियाचं नाव नको, तुमचा रस्ता विचारा: रात्री ११ वाजता स्टेशन ते घर या ७०० मीटरवर दिवे आहेत का, दुकानं किंवा घरं आहेत का, की बाग आणि पुलाखालचा बोगदा आहे? मुलींनी तिथे राहणाऱ्या मुलींनाच हा प्रश्न विचारावा.

परदेशी आहात म्हणून कुणी घर नाकारलं तर तेही कायद्यात बसत नाही. २००६ च्या समान वागणूक कायद्यात वंशावरून घर नाकारण्याला मनाई आहे. प्रत्यक्षात नकार कारण न सांगताच येतात हेही खरं. त्यामुळे पाच अर्जांवर थांबू नका. नवीन माणसाकडे शुफा, म्हणजे आपल्या सिबिलसारखी नोंद, नसते. तिच्या जागी नोकरीचा करार, पगाराचं पत्र आणि जर्मन भाषेत लिहिलेली स्वतःची चार ओळींची ओळख जोडा.

पैसे कधी पाठवायचे नाहीत

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. मोक्याची जागा, कमी भाडं, सुंदर फोटो. मालक म्हणतो, "मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल." किंवा एखाद्या ओळखीच्या बुकिंग साइटसारखी दिसणारी लिंक पाठवतो. कधी आधी पासपोर्टची कॉपी मागतो. आपल्याकडून दोन लाख रुपये गेले की परदेशातून ते परत मिळवणं फार अवघड.

हे नियम पाळा. फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तेच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत निघाले तर विषय संपला. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा आणि मध्येच म्हणा, "आता खिडकीतून रस्ता दाखवा, खाली जाऊन दारावरची नावाची पाटी दाखवा." समोरची इमारत स्ट्रीट व्ह्यूशी जुळवा. घर कुणीतरी प्रत्यक्ष बघेपर्यंत आणि करार हातात येईपर्यंत एक युरोही नाही.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं, आणि ते तीन समान हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना. काल्टमीटे ७०० असेल तर डिपॉझिट २१०० च्या वर नाही. दलाल मालकाने नेमला असेल तर त्याची फी मालकाची, जून २०१५ पासून हा नियम आहे. करार सोडताना सहसा तीन महिन्यांची नोटीस लागते. पण "अमुक वर्षं सोडणार नाही" असं कलम आत असू शकतं. मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा, आणि सही करण्याआधी जर्मन जाणणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. मोठ्या शहरांत भाडेकरूंच्या संघटना असतात, वर्गणी भरून त्यांचा सल्ला मिळतो.

शेवटचं काम पायांचं

आपल्याकडे मुलीची सोयरीक ठरवताना घर बघून येतात, पण परतताना शेजाऱ्याकडे पाणी प्यायला थांबतातच. खरी माहिती तिथे मिळते. इथेही तेच करायचं. यादीत उरलेल्या तीन-चार एरियांत दोनदा जा. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, ज्या वेळेला तुम्हाला निघायचंय त्याच वेळेला, आणि ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन घड्याळ बघा. दुसऱ्यांदा शुक्रवार-शनिवारी रात्री, स्टेशनवर उतरून घराच्या दारापर्यंत चालत. वाटेत एखाद्या दुकानात काहीतरी घ्या आणि मोडक्या जर्मनमध्ये चार शब्द बोला. समोरचा कसा बोलतो ते ॲपवर दिसत नाही.

तेवढ्यासाठीच सुरुवातीला दोन घरं सांगितली. पहिल्या घराचे दोन-तीन महिने वाया जात नाहीत. त्या काळात तुम्हाला शहराची गाडी, थंडी, दुकानाच्या वेळा आणि स्वतःची शिफ्ट कळते, आणि मग दुसरं घर तुम्ही माहितीवर घेता, भीतीपोटी नाही.

आज करायचं काम एवढंच: एचआरला गेट आणि वेळ विचारणारा तो एक मेल टाका. उत्तर आलं की मंगळवारची तारीख लावून आठ स्टेशनांची यादी करा. तुमच्या ओळखीत कुणी जायच्या तयारीत असेल आणि "ॲडव्हान्स पाठवू का?" असं विचारत असेल, तर पैसे पाठवण्याआधी त्याला हा लेख पाठवा.